ओसरीवरून : उल्लेखांची वही

गेल्या श्रावणांतली गोष्ट. दुपारचीं जेवणें आटोपून आम्ही ओसरीवर सुपारी कातरीत बसलों होतों. इतक्यांत आमच्या सूनबाई हातांत एक जाड बांधणीची वही घेऊन आल्या. सूनबाई म्हणजे पुतण्याची पत्नी. पण एकत्र कुटुंबांत सून ती सून, तिच्यांत सख्खी-चुलत असा भेद कोणी करीत नाहीं. वही आमच्यापुढें ठेवून त्या म्हणाल्या, “काका, आतां तुम्हीच बघा. अभ्यासाची वही म्हणून यानें पैसे मागून नेले, आणि आंत काय भरलें आहे तें पाहा!”

आम्हीं चष्मा लावला. अडतीस वर्षें मुलांच्या वह्या तपासण्यांत गेलीं असल्यामुळें वही हातीं आली कीं आमचा उजवा हात आपोआप तांबडी पेन्सिल शोधूं लागतो. परंतु या वहींत पेन्सिल टेकावयास जागा सांपडेना. अक्षर सुवाच्य, प्रत्येक पानावर पट्टीनें आखलेले चार रकाने. तारीख, कोण म्हणालें, कोठें म्हणालें, काय म्हणालें. पहिली नोंद तीन वर्षांपूर्वींची, शेवटची त्याच आठवड्यांतली. एकंदर नोंदी चारशें बारा, आणि त्या सर्व एकाच विषयाच्या : ‘ड्रेड’ नांवाचा एक इंग्रजी चित्रपट.

आमचा हा नातू नांदेडास अभियांत्रिकी शिकतो आणि शनिवारीं रात्रीं वसमतास घरीं येतो. रविवारीं सकाळीं आम्हीं त्याला समोर बसवून विचारलें, “बाळ, हा काय प्रकार आहे?” मुलगा मनाचा सरळ. त्यानें कांहीं लपविलें नाहीं. तो म्हणाला, “आजोबा, हा चित्रपट फार चांगला आहे, पण २०१२ सालीं आला तेव्हां लोकांनीं तो पाहिलाच नाहीं. ज्यांना तो आवडला ते आम्ही जगभर विखुरलेले आहों. कोणी कोठें त्याचें नुसतें नांव काढलें, तरी आम्ही तें टिपून ठेवतों आणि एकमेकांस कळवितों.”

“आणि त्यानें होतें काय?”

“बरें वाटतें,” तो म्हणाला. “आणखी एकाला कळलें, असें वाटतें.”

वाचकहो, खरें सांगावयाचें तर त्या वेळीं आम्हांला हसूं आलें. स्वतःचें नांव कोण घेतो याचा हिशेब ठेवणारीं माणसें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत. परंतु ज्याच्याशीं आपला कांहीं संबंध नाहीं, ज्यांतून आपल्याला एक दिडकी मिळावयाची नाहीं, अशा दूरच्या एका चित्रपटाचें नांव सातासमुद्रापलीकडे कोणी घेतलें म्हणून वसमतच्या ओसरीवर बसून आनंद मानणारा माणूस आम्हांला प्रथमच भेटला, आणि तो आमच्याच घरांतला निघाला.

ज्यांना हा चित्रपट ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडा परिचय देतों. ‘जज्ज ड्रेड’ हें पात्र मूळचें ‘२००० ए. डी.’ या इंग्लंडांतील चित्रकथांच्या साप्ताहिकांतलें. जॉन वॅग्नर यांनीं लिहिलेलें आणि कार्लोस एझ्केरा यांनीं चितारलेलें हें पात्र १९७७ सालीं जन्मास आलें. पुढें कोणे एके काळीं पृथ्वी उजाड झाली आहे, ऐंशीं कोटी माणसें एका अजस्र नगरींत कोंबलेलीं आहेत, आणि गुन्हेगारी इतकी माजली आहे कीं न्यायासनासमोर खटला चालविण्यास कोणाला सवड नाहीं. म्हणून पकडणारा, निवाडा करणारा आणि शिक्षा अमलांत आणणारा असे तिन्ही अधिकार एकाच माणसाच्या हातीं दिलेले आहेत. असा एक अधिकारी आणि त्याच्याबरोबर आलेली एक उमेदवार तरुणी दोनशें मजल्यांच्या इमारतींत कोंडलीं जातात, आणि तेथून जिवंत बाहेर पडण्याची झुंज म्हणजे हा चित्रपट. कथा ॲलेक्स गार्लंड यांनीं लिहिली, दिग्दर्शन पीट ट्रॅव्हिस यांचें, आणि नायकाच्या भूमिकेंत कार्ल अर्बन. जगभर मिळून उत्पन्न झालें सुमारें ४ कोटी १० लक्ष डॉलर, म्हणजे निर्मितीस लागलेल्या खर्चाच्या आसपासच. दुसरा भाग काढावा म्हणून २०१३ सालीं चाहत्यांनीं सह्यांची मोहीम चालविली आणि मूळ साप्ताहिकाचे प्रकाशकही तींत सामील झाले. तरी त्या चित्रपटाचा दुसरा भाग निघाला नाहीं.

अशा कथांना इंग्रजींत ‘डिस्टोपिया’ म्हणतात. आपल्याला हा प्रकार अगदींच नवा आहे असें नव्हे. भागवताच्या बाराव्या स्कंधांत कलियुगाचें जें भविष्य वर्णिलें आहे, राजे लुटारू होतील, माणसें अल्पायुषी होतील, पैसा हेंच कुलशील ठरेल, तें तरी दुसरें काय आहे? रामराज्याच्या नेमकें उलट असें राज्य डोळ्यांपुढें उभें करून माणसाला सावध करण्याची ही रीत आहे.

असो. त्या रात्रीं आम्हीं ती वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. सवयच तशी, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा हातीं आला तर अर्धवट सोडवत नाहीं. आणि वाचतां वाचतां आमच्या ध्यानांत एक गोष्ट आली. चारशें बारा नोंदींपैकीं तीनशें नव्वद नोंदींत, शब्द थोडे इकडे-तिकडे करून, एकच वाक्य होतें : “चित्रपट उत्तम, पण त्याची व्हावी तशी कदर झाली नाहीं.” कोणी नट, कोणी समीक्षक, कोणी विद्यार्थी, कोणी दुकानदार, सर्वांचा एकच घोष. उत्तम कां? सांगितलें नाहीं. त्यांत काय पाहिलें? सांगितलें नाहीं. तीनशें नव्वद माणसें एका देवळासमोरून हात जोडून गेलीं. गाभाऱ्यांत मूर्ति कोणाची आहे तें मात्र एकानेंही सांगितलें नाहीं.

उरलेल्या बावीस नोंदी निराळ्या होत्या. त्यांतली एक कोणा परदेशी शिक्षकाची होती. त्यानें म्हटलें होतें कीं ही मारामारीची गोष्ट नसून एका परीक्षेची गोष्ट आहे. हें वाचल्याबरोबर आम्ही सावरून बसलों. तीनशें नव्वद स्तुतींनीं जें झालें नाहीं तें या एका वाक्यानें झालें. आम्हांला तो चित्रपट पाहण्याची इच्छा झाली.

पुढल्या रविवारीं नातवानें तो आम्हांला दाखविला. आधींच सांगून ठेवतों, मुलाबाळांना घेऊन पाहण्याचा हा चित्रपट नव्हे. रक्तपात इतका आहे कीं सूनबाई दहा मिनिटांत उठून गेल्या, आणि आम्हींही मधूनमधून चष्मा काढून उपरण्यानें पुसण्याचें निमित्त केलें. परंतु त्या शिक्षकाचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. ती उमेदवार तरुणी अँडरसन लेखी परीक्षेंत अवघ्या तीन टक्क्यांनीं नापास झालेली आहे. दुसऱ्याच्या मनांतलें ओळखण्याची विलक्षण शक्ति तिच्यांत आहे म्हणून वरिष्ठ तिला एक संधि देतात, आणि दिवसभर तिची पारख करण्याचें काम ड्रेडवर सोंपवितात. तो तिला आरंभींच बजावतो कीं हातांतलें शस्त्र गमावलें तर नापास. पुढें शस्त्र तिच्या हातून जातें. गुन्हेगारांच्या टोळीनें छळून राबविलेल्या एका तरुणाला ती शिक्षा न करतां सोडून देते, कारण तो अपराधी नसून पीडित आहे हें तिनें त्याच्या मनांत वाचलेलें असतें. आपण नापास झालों असें समजून ती आपलें पदचिन्ह ड्रेडच्या हातीं देते आणि निघून जाते. वरिष्ठ विचारतात, निकाल काय? आणि ज्यानें सबंध चित्रपटांत एकदांही शिरस्त्राण उतरविलें नाहीं, ज्याची आपल्याला केवळ हनुवटी दिसते, तो कठोर परीक्षक तिला उत्तीर्ण ठरवितो. अडतीस वर्षें परीक्षकाच्या खुर्चींत बसलेल्या माणसाला हें पाहून काय वाटलें असेल, तें वाचकांतील शिक्षकांनीं ओळखावें.

येथें आम्हांला जें सुचलें तेंच या वेळीं वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. उल्लेख दोन जातींचे असतात. एक नांवाचा, दुसरा साक्षीचा. नांवाचा उल्लेख म्हणजे “अमुक फार चांगलें.” साक्षीचा उल्लेख म्हणजे “अमुकांत मीं हें पाहिलें.” पहिल्यानें बोलणाऱ्याचें मन मोकळें होतें, दुसऱ्यानें ती वस्तु वांचते.

हें आमचें पदरचें म्हणणें नव्हे. संस्कृत वाङ्मयाच्या इतिहासांतच त्याचा दाखला आहे. कालिदासानें ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेंत आपल्या पूर्वींच्या तीन नाटककारांचीं नांवें घेतलीं आहेत : भास, सौमिल्ल आणि कविपुत्र. कालिदासासारख्यानें आदरानें नांव घ्यावें, याहून मोठा उल्लेख कोणता? तरीसुद्धां सौमिल्ल आणि कविपुत्र हे आज केवळ नांवेंच आहेत. भासाचीही तीच गत व्हावयाची. परंतु बाणानें ‘हर्षचरितां’त भासाविषयीं लिहितांना एक बारीक गोष्ट टिपून ठेवली कीं याचीं नाटकें सूत्रधारानें सुरू होतात, आणि राजशेखराच्या नांवावरील एका श्लोकांत भासाच्या ‘स्वप्नवासवदत्ता’चें नांव राहिलें. शेंकडों वर्षें गेलीं. १९०९ च्या सुमारास महामहोपाध्याय टी. गणपतिशास्त्री यांना त्रावणकोरांत पद्मनाभपुरमजवळ ताडपत्रांचा एक जुडगा मिळाला. त्यांत नाटकें होतीं, पण कर्त्याचें नांव एकावरही नव्हतें. मग ओळख पटली कशी? एकाचें नांव ‘स्वप्नवासवदत्त’ निघालें, आणि पाहावें तों नांदीनंतर सूत्रधारच रंगभूमीवर येतो. १९१२ पासून हीं नाटकें त्रिवेंद्रमच्या ग्रंथमालेंत छापून निघालीं, एकंदर तेरा. तीं सर्व भासाचींच काय, यावर विद्वानांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. पण वाद घालावयास तरी तीं आज आपल्या हातीं आहेत, आणि भासाचीं म्हणून तीं ओळखलीं गेलीं याचें श्रेय बाणाच्या त्या बारीक टिपणीला मोठें आहे. बाणानें नुसतें “भास थोर” म्हटलें असतें, तर त्या जुडग्यावर भासाचें नांव घालावयास कोणीच धजलें नसतें.

चित्रपटांच्या बाबतींत तर ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रांतच घडलेली आहे. हिंदुस्थानांत सुमारें तेराशें मूकपट निघाले; त्यांतले आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच शिल्लक आहेत. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, आणि तेथें पी. के. नायर यांनीं हयात वेंचून जें हातीं लागलें तें जमविलें. दादासाहेब फाळक्यांच्या कामाचे अवशेष आज आपण पाहूं शकतों तें बव्हंशीं त्यांच्यामुळें. अंधाऱ्या प्रेक्षागृहांत बसून कोणत्या रिळांत काय आहे तें वहींत टिपीत राहण्याची त्यांची सवय प्रसिद्ध होती. म्हणजे आमचा नातू वही घेऊन बसतो त्यांत थोर माणसांची परंपरा नाहीं असें म्हणतां यावयाचें नाहीं.

परंतु जे मूकपट गेले ते गेलेच. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ हा १९२५ चा मूकपट घ्या. नारायण हरि आपटे यांची कथा. सावकाराच्या कपटानें जमीन गमावून शहरांत गिरणी गांठणाऱ्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेंत व्ही. शांताराम. देवादिकांच्या आणि लढायांच्या पटांच्या त्या काळांत शेतकऱ्याचें रोजचें दुःख पडद्यावर आणणारा हा चित्रपट. पेंटरांनीं १९३६ सालीं तीच कथा बोलपटाच्या रूपानें पुन्हां सादर केली. पण मूळ मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाहीं. मग तो होता कसा? ग्रंथांतून ‘श्रेष्ठ’, ‘वास्तववादी’ हीं विशेषणें मिळतात, आणि त्यांवरून डोळ्यांपुढें कांहीं उभें राहत नाहीं. मात्र ‘वाडिया मूव्हिटोन’चे जे. बी. एच. वाडिया यांनीं पुढें आठवण सांगितली ती त्या बोलपटाची, आणि ती अशी कीं दूरवरून घेतलेली एक उदास झोंपडी, तिच्यावर अंधुक उजेड, आणि एका कुत्र्याचें विव्हळणें.  पाहणाऱ्याच्या कानांत तो आवाज राहिला! मूकपट सबंध नष्ट झाला. बोलपटांतली एक झोंपडी आणि एक कुत्रें एवढें आठवणींत उरलें. आणि एवढ्यावरून आपण म्हणूं शकतों कीं पेंटर काय दर्जाचे कलावंत होते.

साक्षीचा उल्लेख कधींकधीं गेलेली वस्तु परतही आणतो. फ्रिट्झ लांग या जर्मन दिग्दर्शकाचा ‘मेट्रोपोलिस’ हा १९२७ चा चित्रपट ‘ड्रेड’सारख्या सर्व चित्रपटांचा आजोबा म्हणावयास हरकत नाहीं. जमिनीवर मालकांचे मनोरे, जमिनीखालीं मजुरांची वस्ती. बर्लिनच्या पहिल्या खेळानंतर त्याची कांटछांट झाली आणि जवळजवळ चौथा हिस्सा नाहींसा झाला. पुढें दक्षिण अमेरिकेंत, ब्यूनोस आयर्स येथें फर्नांडो पेन्या या चित्रपटाच्या अभ्यासकानें एक किरकोळ गाऱ्हाणें ऐकलें. तेथल्या एका फिल्म सोसायटीचा जुना चालक सांगत असे कीं ‘मेट्रोपोलिस’ दाखवितांना फीत उडूं नये म्हणून दोन तासांहून अधिक वेळ यंत्रावर बोट दाबून बसावें लागलें. दुसऱ्या कोणी ऐकून सोडून दिलें असतें. पेन्यानें मनाशीं हिशेब केला कीं आपल्याला ठाऊक असलेली प्रत इतकी लांब नाहींच! कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर २००८ सालीं तेथील चित्रपट संग्रहालयाच्या पेट्या उघडल्या गेल्या, आणि जगानें गमावलेला भाग त्यांत सांपडला. जोडलेला चित्रपट २०१० सालीं पुन्हां बर्लिनमध्यें दाखविला गेला. कारण काय झालें? “फार उत्तम चित्रपट होता” हें वाक्य नव्हे; दुखणारें एक बोट.

घराजवळचें ताजें उदाहरण ‘तुंबाड’चें. आमच्या घरच्या तरुण मंडळींत हें नांव सर्वांना पाठ आहे. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’चे लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव राही बर्वे यांनीं दिग्दर्शित केलेला हा हिंदी चित्रपट, नांव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून सुचलेलें, आणि बीज नारायण धारपांच्या ऐकलेल्या कथेंत. कोंकणांतल्या एका ब्राह्मण घराण्याचा लोभ आणि त्याचा शेवट हा विषय. चित्रण २०१२ सालीं झालें, मनासारखें न उतरल्यानें २०१५ मध्यें पुन्हां झालें, आणि १२ ऑक्टोबर २०१८ रोजीं तो प्रदर्शित झाला. थिएटरांत बेताचाच चालला. पण पाहिलेलीं माणसें गप्प बसलीं नाहींत, आणि तीं काय सांगत होतीं तें आम्हीं घरांतच ऐकलें आहे : तो न थांबणारा पाऊस, सांखळदंडानें बांधलेली ती आजी, विहिरीच्या पोटांत उतरतांना बरोबर नेलेल्या त्या कणकेच्या बाहुल्या. ज्यानें पाहिला नव्हता त्याला चैन पडेना. पुन्हां दाखवा, पुन्हां दाखवा, अशी मागणी सहा वर्षें होत राहिली. १३ सप्टेंबर २०२४ रोजीं तो पुन्हां पडद्यावर आला आणि पहिल्या वेळेच्या दुपटीच्या घरांत उत्पन्न मिळवून गेला. दुसऱ्या भागाचीही घोषणा झाली. ‘ड्रेड’च्या चाहत्यांना जें साधलें नाहीं तें ‘तुंबाड’च्या चाहत्यांना साधलें. यांत दैवाचाही वाटा असेल. पण कणकेच्या बाहुल्यांचा वाटा लहान नव्हता, असें आम्हांला वाटतें.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आम्हीं नातवाला विचारलें, “हा चित्रपट तूं स्वतः शेवटचा केव्हां पाहिलास?” तो जरा घुटमळला. मग म्हणाला, “आजोबा, दोन वर्षें झालीं.” म्हणजे ज्याच्यासाठीं हा सर्व खटाटोप तो देव देव्हाऱ्यांत, आणि भक्त बाहेर बसून आलेले नारळ मोजतो आहे! दुसऱ्यानें चांगलें म्हटलें कीं आपली आवड खरी ठरली, असें एकदां वाटूं लागलें कीं माणूस आपल्या डोळ्यांवर विसंबत नाहीं. मग उल्लेख आला नाहीं तर मन खट्टू होतें, आणि कोणी वाईट म्हटलें तर त्याच्याशीं भांडण. भवभूति आपल्या विदर्भाचा. त्याच्या हयातींत त्याची कदर झाली नाहीं असें त्याच्याच शब्दांवरून दिसतें. पण तो म्हणाला काय? काळाला अंत नाहीं आणि पृथ्वी मोठी आहे. माझ्या जातीचा कोणी तरी निपजेल. असें म्हणून तो नाटक लिहावयास बसला. कोण आपलें नांव घेतो याची वही घालून बसला नाहीं.

हें सर्व आम्हीं नातवाला मोठ्या अधिकारानें सांगितलें. मुलानें शांतपणें ऐकून घेतलें. मग तो म्हणाला, “आजोबा, मग पणजोबांविषयीं तुम्ही काय टिपून ठेवलें आहे?”

वाचकहो, या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

आमचे वडील नारदीय कीर्तन करीत. निजामी अमलांत त्यांचें शिक्षण उर्दूंत झालें. मोंढ्यांत एका अडत्याकडे मुनिमाची नोकरी, आणि चातुर्मासांत वसमतास, औंढ्यास, परभणीस कीर्तनें. ते १९७१ सालीं गेले तेव्हां आम्ही तेरा वर्षांचे होतों. त्यांच्या कीर्तनांतलें आम्हांला काय आठवतें? आईच्या मांडीवर लागलेली झोंप, एवढेंच. त्यांच्या आख्यानांच्या सात वह्या पेटींत होत्या. १९८३ च्या पावसाळ्यांत वाड्याची मागची भिंत खचली, पेटी भिजली, आणि त्या वह्या रद्दींत कोणी घातल्या म्हणाल तर आम्हींच. पानें चिकटलीं होतीं, वास येत होता, आणि आम्ही पंचवीस वर्षांचे होतों.

त्यानंतर चाळीस वर्षें गांवांतले वृद्ध आम्हांला भेटत आले आणि म्हणत आले, “तुमचे वडील फार छान कीर्तन करीत हो!” आम्ही हात जोडीत होतों आणि कृतार्थ होत होतों. छान म्हणजे काय, हें एकालाही आम्हीं विचारलें नाहीं. बहुतेक सारे आतां गेले. नातवाच्या वहींतल्या तीनशें नव्वद नोंदींना आम्ही हसलों. आमच्या वहींत तर सगळ्याच नोंदी तशा होत्या, आणि वहीसुद्धां नव्हती.

आश्विनांत आम्ही नातवाला बरोबर घेऊन जुन्या गल्लींतल्या एका बाईंकडे गेलों. वय नव्वदीच्या पुढें, दृष्टि गेलेली, पण बोलणें ठणठणीत. आम्हीं विचारलें, “मावशी, आमच्या वडिलांचें कीर्तन तुम्हीं ऐकलें आहे ना?”

“ऐकलंय म्हणजे काय! फार छान करायचे.”

“छान म्हणजे काय करायचे, मावशी?”

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “हरिश्चंद्राच्या आख्यानांत तारामती रोहिदासाला घेऊन मसणांत येते बघ, तिथं तुझे वडील झांज खालीं ठेवायचे. तबलेवाल्याला डोळ्यानंच थांब म्हणायचे. अन् मग कांहीं बोलायचेच नाहींत. नुसते उभे. आम्हां बायकांना वाटायचं, विसरले कीं काय! एकदां मीं विचारलंसुद्धां. तर म्हणाले, ‘ताई, तिथं मीं शब्द घातला तर तो माझा होतो. दुःख तिचं आहे.’”

आम्ही घरीं परत आलों. नातू वाटेंत कांहीं बोलला नाहीं, आम्हींही नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं सूनबाईंना आमचा निकाल सांगितला. मुलाची वही चालूं राहावी. तिचे पैसे यापुढें आम्ही देऊं. मात्र अटी तीन. अभ्यासाच्या वेळीं ती वही उघडावयाची नाहीं. चित्रपट वर्षांतून एकदां तरी स्वतः पाहावयाचा. आणि वहींत पांचवा रकाना आखावयाचा : काय पाहिलें? ज्या नोंदीचा हा रकाना कोरा राहील तिला क्रमांक द्यावयाचा नाहीं. मुलानें तिन्ही अटी मान्य केल्या, आणि आमच्या देखत पहिली नोंद स्वतःच्या नांवानें केली. त्यानें लिहिलें : “इमारतीच्या दाराशीं एक भिकारी बसलेला असतो. ड्रेड त्याला बजावून आंत जातो कीं परत येईन तेव्हां येथें दिसूं नकोस. पुढें इमारत बंद करण्यासाठीं पोलादी दारें खालीं येतात, आणि तो त्यांखालीं चिरडला जातो. त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाहीं.” चारशें बारा नोंदींत हा भिकारी आम्हांला भेटला नव्हता. चित्रपट पाहतांनाही, खरें तर, तो आमच्या नजरेंतून निसटला होता. बहुधा तेव्हां आम्ही चष्मा पुसत होतों.

आपल्या प्रत्येक घरांत असें कोणी ना कोणी होऊन गेलें असेल, ज्याच्याविषयीं “फार छान” एवढेंच उरलें आहे. कोणाची आजी ओव्या रचीत असे, कोणाचे काका पखवाज वाजवीत, कोणाची आत्या चित्रें काढी. ज्यांनीं त्यांना पाहिलें तीं माणसें अजून कोठें तरी ओसरीवर बसलेलीं असतील. त्यांच्याकडे जावें, आणि त्यांनीं “छान” म्हटलें कीं उठूं नये. आणखी एक प्रश्न विचारावा.

नातवाच्या वहीची मागली पानें आम्हीं त्याच्या परवानगीनें घेतलीं आहेत. ती वही उलटी धरली म्हणजे आमच्या वडिलांचें खातें लागतें. रकाने पांच. आजपर्यंत नोंदी तीन.